मिरजेत काही काम नव्हतं

आमच्याकडे गावाला जायला काम लागतं. लग्न, दहावा, कोर्टाची तारीख, नवस, मुलीचं स्थळ, हळदीचा सौदा, काहीही चालेल, पण काम हवं. "सहज आले" म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा मिळतो, मात्र घरातली मोठी माणसं फिरून फिरून विचारत राहतात, "बाकी, काय काढलंत?" सहज या उत्तरावर साताऱ्यात कुणाचा विश्वास नाही. नुसतं बघायचंच असेल तर महाबळेश्वर आहे, कास आहे, पैसे साठले तर परदेश आहे. जिथं माणसं रोजची राहतात, भांडतात, धुणं वाळत घालतात, ते गाव बघायला कुणी जातं का?

त्यातून मिरज. आमच्या घरात मिरजेचं नाव हळू आवाजात घेतलं जायचं. "मिरजेला हलवलंय" एवढं वाक्य दारातून आत आलं की आई हातातलं काम ठेवून उठायची. कॅनडात जन्मलेल्या विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरनं तिथं १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, आणि कृष्णाकाठच्या कितीतरी घरांच्या दृष्टीनं मिरज ही शेवटची आशा होऊन बसली. साताऱ्याहून, कोल्हापुराहून, बेळगाव-विजापूरकडून माणसं यायची. मीही मिरज पाहिली ती तशीच, कुणाच्या तरी खाटेच्या पायथ्याशी बसून. नाहीतर गाडी बदलताना फलाटावरून. खाट आणि फलाट यांच्या मधे एक अख्खं गाव आहे, हे माहीत होतं. तिकडे वळण्याचं काही कारण पडलं नव्हतं.

कारण पडलं ते हनोईमुळे. बहिणीची मुलगी व्हिएतनामला जाऊन आली. हल्ली साताऱ्यातून थेट तिकडच्या सहली निघतात, आणि परत आलेली माणसं मोबाइल पुढे करून तासभर फोटो दाखवतात. समुद्र, बोटी, डोंगर मी भराभर पुढे सरकवले. थांबले ती हनोईच्या जुन्या शहरापाशी. छत्तीस गल्ल्यांचं शहर अशी त्याची ओळख. एकेका गल्लीत एकेक माल. हांग बाक चांदीची, हांग गाई रेशमाची, हांग थियेक पत्र्याच्या सामानाची, हांग मा कागदाची. तिथं पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. आसपासच्या खेड्यांतले कारागीर पिढ्यांपूर्वी राजधानीत आले ते एकेकटे आले नाहीत. खेडीच्या खेडी एकेका गल्लीत उतरली, येताना आपला ग्रामदेवही घेऊन आली, आणि गल्लीतच त्याचं देऊळ बांधून राहिली. घरं पुढून दोन हात रुंद, आत मात्र संपतच नाहीत. पुढे दुकान, मागे कारखाना, त्याच्या मागे अंगण, त्याच्याही मागे चूल. एका फोटोत एक बाई एकाच तारेचं वाद्य वाजवत होती. दान बाउ म्हणतात त्याला, आणि त्याला छोटासा भोपळा असतो.

"मावशी, असं काही आपल्याकडे नाही," भाची म्हणाली.

मी काही बोलले नाही, पण तो भोपळा डोक्यात राहिला. असं आपल्याकडे आहे. साताऱ्याहून गाडीनं तीन तासांवर आहे. एक गल्ली, एक काम, भोपळा आणि तारा. मिरजेची सतारमेकर गल्ली. आणि सगळा जन्म इथं काढून मी ती पाहिलेली नाही. भाची ज्या कौतुकानं हनोईला गेली त्याच कौतुकानं, टोपी-पाण्याची बाटली घेऊन, मिरजेला जायचं मी ठरवलं. दवाखाना नाही, नवस नाही, कुणाकडे उतरायचं नाही. पर्यटक म्हणून.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे गाडीत बसेपर्यंतच निम्मा प्रवास झाल्यासारखा वाटतो. मग कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर करत गाडी कराडकडे उतरते. कृष्णा कधी दिसते, बहुतेक वेळा दिसत नाही. पण उसाच्या गर्द पट्ट्यावरून ती कुठं असेल हे कळत राहतं. कराडच्या पुढे शेणोली, ताकारी, आणि मग किर्लोस्करवाडी. माळरानावर १९१० साली नांगराचा कारखाना आणि त्याच्याभोवती गाव उभं राहिलं, ते हे. भिलवडी, नांद्रे, सांगली. सांगलीला अर्धा डबा रिकामा झाला. उतरणाऱ्या सगळ्यांना काम होतं. कुणाच्या हातात फायली, कुणाच्या हातात डबा, एकाच्या खांद्यावर पंपाची मोटर. मी एकटी खिडकीशी हात हलवत बसलेली, आणि उगीचच ओशाळलेली.

मिरज जंक्शन ही थांबण्याची जागा. इथं एके काळी रुळांच्या तिन्ही रुंदीच्या गाड्या येत, मोठ्या, मध्यम आणि छोट्या. पुणे, बेळगाव, कोल्हापूर आणि पंढरपूर-लातूरकडचे रस्ते इथं गाठ घेत. एका रुंदीच्या रुळावरची गाडी दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून माणूस असो की गुळाची ढेप, मिरजेत सगळ्यांना उतरावं लागे, आणि पुढची गाडी येईपर्यंत थांबावं लागे. आता सगळे रूळ एकाच मापाचे झालेत, तरी फलाटावरच्या माणसांच्या बसण्यात ती जुनी सवय आहे. इथं कुणी घाईनं उभं राहत नाही. वळकटीला टेकून, पाय पसरून, डबा सोडून बसतात. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानलं तेव्हा याच स्टेशनातून पाण्याची गाडी निघाली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणीसुद्धा मिरजेत गाडी बदलून गेलं.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "पेशंट कोणाय, काकू?"

"कुणी नाही."

"मग दर्गा?"

"तिथंही जायचंय. आधी गावात. सतारमेकर गल्ली."

"सतार घ्यायची?"

"नाही. बघायची."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बघून काय करणार?" असं तो तोंडानं म्हणाला नाही, पुढच्या चौकात वळताना नुसती मान हलवली. मी रिक्षा लक्ष्मी मार्केटपाशीच सोडली. पर्यटक चालतो.

जुन्या मिरजेत चालणं म्हणजे सतत बाजूला होणं. लक्ष्मी मार्केटच्या जुन्या इमारतीभोवती फुलवाले, फळवाले, बांगड्यांच्या गाड्या, आणि त्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. पाट्या मराठीत, बोलणं तीन भाषांत. एक बाई भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करत होती, तो दखनीत शेजाऱ्याला काही सांगत होता, आणि हिशेब मात्र दोघांनी मराठीत केला. इथली एक गल्ली औषधांची. दुकानामागून दुकान, त्यांच्यामधे रक्त तपासायच्या प्रयोगशाळा, वर डॉक्टरांच्या पाट्यांचे थर, आणि पायऱ्यांवर बसलेली खेड्यातली माणसं, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट सरळ धरून. हनोईच्या छत्तीसांत ही बसली असती, असं वाटलं. एकाच मालाची गल्ली, आणि माल म्हणजे बरं होणं.

किल्ला आता बराचसा पत्त्यापुरता उरला आहे. लोक "किल्ला भागात राहतो" म्हणतात, आणि समोरच्याला कळतं. या किल्ल्याशी आमच्या साताऱ्याचा एक जुना संबंध आहे. शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले ते १७०८ मध्ये, पुढे मोहिमा पेशव्यांनी आणि सरदारांनी केल्या, महाराज बहुतेक गादीवरच राहिले. उतारवयात ते स्वतः ज्या मोहिमेवर निघाले ती मिरजेची. १७३९ मध्ये किल्ला हाती आला. म्हणजे साताऱ्याच्या राजालाही मिरजेला यायला काम लागलं. पुढे १७६१ नंतर मिरज पटवर्धनांकडे गेली आणि दीडशेहून अधिक वर्षं त्यांचीच राहिली. त्या पटवर्धनांच्या दप्तरातले कागद इथल्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी वाचून काढले, आणि त्यांतून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड छापले. पोट शिकवण्यावर, जीव कागदांत. तीस वर्षं खडू धरलेल्या माझ्यासारखीला हा माणूस लगेच ओळखीचा वाटला.

ब्राह्मणपुरीतून चालताना जुन्या वाड्यांची दारं दिसत होती. काही उघडी, काहींना कुलूप, काहींच्या जागी चार मजले. एका दारातल्या आजींनी हटकलं, "कुणाकडं आलाय?" "कुणाकडं नाही, हिंडतेय," म्हटलं. त्या म्हणाल्या, "बसा मग जरा." बसले. त्यांनी मला पाणी दिलं, साताऱ्यातल्या त्यांच्या एका चुलत नणंदेला मी ओळखते का ते विचारलं, यादोगोपाळ पेठेतली ती नणंद मला माहीत नव्हती याबद्दल किंचित नाराजी दाखवली, आणि निवडायला घेतलेल्या मेथीची निम्मी जुडी माझ्यापुढे सरकवली. बिनकामाच्या माणसाला इथं फार वेळ बिनकामाचं राहू देत नाहीत, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

मेथी निवडता निवडता मला या गावाची एक गंमत उमगत गेली. गाण्याच्या इतिहासात मिरजेचं नाव ठळक आहे, पण गाण्यासाठी म्हणून मिरजेत आलेली माणसं मोजकीच. बाकीची दुखणं घेऊन आली.

कुरुंदवाडचा एक मुलगा. बाप कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाशी उडाला आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. नजर पुरती परतेना, शाळा तर सुटलीच. तेव्हा गळा बरा आहे, गाणं शिकव, असा सल्ला पुढे आला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्या वेळी मिरजेत होते. मुलगा त्यांच्याकडे राहिला, आणि १८९६ मध्ये बाहेर पडला तो विष्णु दिगंबर पलुसकर होऊन. पाच वर्षांनी, १९०१ मध्ये, त्यानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. देशभर गाण्याचे वर्ग निघाले त्यांची वाट एका मुलाच्या न सुधारलेल्या डोळ्यांवरून गेली.

दुसरा मुलगा नारायण राजहंस. त्याला ऐकू कमी येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला वानलेस यांच्याकडे पाठवलं, असं सांगतात. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेल्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळी नायिका शोधत होती, आणि कंपनीचा मुक्काम तेव्हा मिरजेत होता. १९०५ मध्ये इथंच तो मंडळीत दाखल झाला आणि शकुंतला होऊन उभा राहिला. कान दाखवायला आलेला मुलगा बालगंधर्व झाला. आणि त्याच साली मिरजेत एक मुलगी जन्मली, ती हिराबाई बडोदेकर. पुढे घरंदाज बायकांनी तिकिटं काढून तिचं गाणं ऐकलं.

या हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ. उत्तरेतल्या कैराना गावचे. त्यांना मिरजेत प्लेगनं गाठलं, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा करून ते बरे झाले, अशी इथं सगळ्यांची श्रद्धा. बरे झाले ते मिरजेचेच होऊन राहिले.

डोळे, कान, प्लेग. तिघांनाही इथं थांबावं लागलं होतं. दुखण्याचा गुण येईपर्यंत माणूस दुसरं काय करणार? बसून राहतो. आणि बसून राहिलेल्या माणसाच्या कानावर मिरजेत काही ना काही पडतंच. मला वाटतं या गावाची कमाई ही थांबलेल्या वेळाची आहे. पर्यटकाला नेमकं हेच जमत नाही. त्याच्याकडे यादी असते. एक झालं की खूण करून पुढचं. माझ्याही पर्समध्ये एक चिठ्ठी होती. मार्केट, किल्ला, दर्गा, गल्ली, चारची गाडी. मेथी संपली तेव्हा त्यातली चारची गाडी मी मनातून खोडली.

दर्ग्याचं आवार मोठं, आणि बाहेरच्या गर्दीनंतर एकदम पायाखाली थंड. ख्वाजा शमनामीरांची, म्हणजे मीरासाहेबांची, ही जागा. उरुसात कबरीवर पहिल्या मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. ते झाल्याशिवाय बाकीचं पुढे जात नाही. आवारातल्या चिंचेखाली खाँसाहेब गायला बसत, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथं गाणं होतं, गावोगावचे गवई हजेरी लावून जातात. भीमसेन जोशींच्या गुरूंचे, सवाई गंधर्वांचे, हे गुरू. पण त्यांच्या थोरवीपेक्षा मला त्यांचा शेवट आठवत होता. १९३७ चा ऑक्टोबर. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तानपुरा जुळवला, सूर लावून प्रार्थना केली, आणि तिथंच गेले. तानपुऱ्याशिवाय मरणही नको असलेला माणूस. त्यांना मिरजेत आणून याच दर्ग्याच्या सावलीत ठेवलं. कबरीपाशी एक नवरा-बायको बसली होती. त्यांच्या पिशवीत दवाखान्याची फाइल होती. ती दोघं खाँसाहेबांसाठी आलेली नव्हती, दर्ग्यासाठी आली होती. पण बसली होती नेमकी तिथं.

सतारमेकर गल्लीत शिरताना माझे कान टवकारलेले होते. एवढी वाद्यं जिथं होतात तिथं निदान एखादी तार तरी ऐकू यावी. ऐकू आली ती कानस. खर्र, खर्र. मग रंध्याचा आवाज, हातोडीचे बारीक ठोके, आणि कुठंतरी मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंट्री. गाणं इथून बाहेर जातं. गल्लीत राहतो तो भुसा.

गल्ली म्हणावी तर साधी. दुकानाच्या पुढच्या भागात काचेमागे तयार सतारी, तानपुरे, वर अडकवलेल्या दिलरुब्याच्या चौकटी, आणि मागे अर्धवट अंधारात कारखाना. पुढून लहान, आत खोल. हनोईचे फोटो मला इथं एकदाच आठवले, आणि नंतर आठवले नाहीत. सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते भोपळे. आढ्याला टांगलेले, कोपऱ्यात रचलेले, पोट मोठं आणि मान बारीक. हे खायचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत ते खास वाद्यांसाठी वाढवतात, महिनोन् महिने वाळवतात, आणि मग ते इथं येतात. सगळे एकाच वेलाचे भाऊबंद, पण एकाचंही पोट दुसऱ्यासारखं नाही, म्हणून साच्यातून काढल्यासारखे दोन तानपुरे मिरजेत होऊ शकत नाहीत.

मी ज्या दुकानाशी रेंगाळले तिथं एक म्हातारे गृहस्थ जमिनीवर बसून तानपुऱ्याच्या तारांखालची घोडी घासत होते. दुकानातला पोरगा त्यांना चाचा म्हणत होता, मीही तेच म्हटलं.

"काय पाहिजे, ताई? दुरुस्ती?"

"काही नाही, चाचा. बघायला आलेय. बसू का?"

"बसा की." त्यांनी भुसा झटकून एक पाट पुढे केला. पुन्हा कानस सुरू.

काम न थांबवता, मधूनमधून, त्यांनी सांगितलं ते असं. ही मूळची शिकलगारांची घरं. तलवारीला धार, भाल्याला पातं, हा धंदा. कंपनी सरकारचा अंमल आला आणि तलवारींचं काम संपलं. तेव्हा पटवर्धनांच्या दरबारी येणाऱ्या गवयांची मोडलेली वाद्यं या घरांकडे येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या घरांतल्या फरीदसाहेबांनी आधी ती दुरुस्त केली, मग उलगडून पाहिली, मग नवी केली. लोखंडाला पाणी देणारा हात लाकडावर आणि तारेवर वळला. खाँसाहेब मिरजेत आल्यावर तर कारागिराला घरचाच परीक्षक मिळाला. त्यांचा स्वतःचा हातही वाद्याच्या दुरुस्तीत बसलेला होता. आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "कागद आला," चाचा म्हणाले. "चांगलंच झालं. पोरं हाताला आली असती तर आणखी चांगलं झालं असतं."

मी विचारलं, एक तानपुरा व्हायला किती दिवस लागतात.

"कुणाचे? माझे का लाकडाचे?"

मग त्यांनी लाकडाचे दिवस मोजून दाखवले. भोपळा वाळतो तो त्याच्या मर्जीनं. तुणीचं लाकूड आणलं की नुसतं ठेवायचं. ओलं लाकूड कापलं तर पुढे तडकून सूड घेतं. भोपळ्याचं तोंड कापून भिजवायचं, फाकवायचं, पुन्हा वाळवायचं. गळा जोडला की सरस धरेपर्यंत हात लावायचा नाही. तबली बसवली की थांबायचं. नक्षी झाली, लाखेच्या पॉलिशचे हात सुरू झाले, की एका हाताच्या वर दुसरा लगेच द्यायचा नाही. "आमचं काम थोडं," ते म्हणाले, "वाट बघणं जास्त."

आणि डब्यातला तानपुरा? मोबाइलमधला? त्याचं काय, हे मी जरा भीतभीतच विचारलं. धंदा त्यानंच खाल्ला असेल.

"खाल्ला की. स्वस्त आहे, कधी उतरत नाही." त्यांनी घोडीवर फुंकर मारली. "कधी उतरत नाही म्हणून गाणारा त्याच्याकडं लक्षही देत नाही. हा उतरतो. पावसाळ्यात उतरतो, दिव्याच्या उष्णतेनं उतरतो. मग गाणाऱ्याला दर घडीला ऐकावं लागतं, मणी सरकवावा लागतो. कान तयार होतो तो उतरण्यामुळं."

घोडी त्यांच्या मनासारखी झाली असावी. पोरानं एक तयार तानपुरा आणला, त्यावर ती बसवली, तारा ओढल्या. पंचम, दोन जोडाच्या, आणि पितळेचा खर्ज. चाचांनी तार छेडली. मला तर सुरेल वाटली. त्यांनी नाक मुरडलं, तारेखालचं सूत केसभर सरकवलं, पुन्हा छेडली. तार उतरवली, घोडीवर कानस दोनदा फिरवली, पुन्हा चढवली. असं किती वेळ चाललं ते मी पाहिलं नाही. तेवढ्यात पोराला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. "ताई, बसलाच आहात तर जरा छेडत राहा. मला लांबून ऐकायचंय."

"मला काही येत नाही हो गाण्यातलं."

"तेच बरं. येणारा मधेच काहीतरी करतो."

त्यांनी तानपुरा माझ्या मांडीजवळ उभा केला, माझी दोन बोटं धरून तारांवरून फिरवून दाखवली. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही, चार तारा झाल्या की तेवढाच श्वास सोडून पुन्हा पहिली. आणि स्वतः उठून दुकानाच्या अगदी आतल्या टोकाला, अंधारात जाऊन भिंतीला कान लावल्यासारखे उभे राहिले. मी छेडत राहिले. आधी मला माझी बोटंच दिसत होती. मग गल्लीतली दुचाकी ऐकू आली, समोरच्या दुकानातला रंधा ऐकू आला. मग ते मागे पडलं. ते आले, सूत सरकवलं, गेले. पुन्हा आले, तार काढली, घासली, चढवली, गेले. आणि एका फेरीला त्या चार तारा चार राहिल्या नाहीत. त्यांच्यामधून पाचवा एक सूर उठला, जो मी वाजवत नव्हते, आणि तो खोलीभर पसरला. अंधारातून आवाज आला, "हां. आता थांबू नका."

मी थांबले नाही. साताऱ्यातल्या शनिवार पेठेतली, गाण्याचा गंध नसलेली, कुणाचं काही न घेता-देता या गावात आलेली मी, मिरजेत कामाला लागले होते. जिथं बसून राहिलं की काहीतरी हाती येतं त्या गावानं आपला नियम माझ्यासाठीही मोडला नव्हता. उद्या हनोईला गेलेच, तर छत्तीस गल्ल्या मला नकोत. कुठल्या तरी एका गल्लीत एक पाट मिळाला तर पुरे.

दारात सावली पडली. पाठीवर बॅगा, गळ्यात कॅमेरा, असं एक तरुण जोडपं उभं होतं. त्यांच्या बोलण्यावरून मुंबईकडची वाटली. मुलीनं हळूच दोन-तीन फोटो काढले. मुलगा चपला काढून आत आला, माझ्यापुढे वाकला, आणि फार आदरानं म्हणाला, "काकू, काय सुंदर लागलाय! किती वर्षं करताय?"

मी तोंड उघडण्याआधीच आतून चाचा म्हणाले, "दुपारपासनं."